पिवळी खूण

द्राक्षं मी खात नाही. घरात कुणी आणलीच तर मुलगी ती डब्यात बंद करून फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ठेवते, आणि लग्नाच्या जेवणात फ्रूट सॅलडची वाटी आली की मी ती शेजारणीकडे सरकवते. लोकांना वाटतं ॲलर्जी असेल. मीही तसंच सांगते, कारण खरं सांगायला बसले तर समोरच्याचा घास घशात अडकायचा. इथे कुणी जेवायला बसलेलं नाही, तेव्हा सांगून टाकते. द्राक्षांचा वास आला की मला स्वतःची शिसारी येते. वास द्राक्षांचा आणि ओकारी माझी मलाच, असा तो प्रकार आहे, आणि त्याला इतकी वर्षं झाली तरी तो कमी होत नाही.

आम्ही आकुर्डीला राहायचो, रुळांच्या अलीकडच्या चाळवजा कॉलनीत, दोन खोल्यांमध्ये. पप्पा, आई आणि मी. पप्पा मूळचे लातूरकडचे, भोसरीच्या एका कंपनीत असेंब्लीवर फिटर. सकाळी पाचला मोरीतल्या बादलीचा आवाज, मग पप्पांची वंदना, पंचशील म्हणताना प्रत्येक शीलानंतर थोडं थांबायची त्यांची सवय, मग आईच्या भाकरीची थापथाप आणि मागच्या वर्कशॉपातल्या प्रेसचा धाडधाड सुरू झालेला ठोका. त्या ठोक्यावर आमच्या मांडणीतली भांडी हलायची. कंपनीतून आले की पप्पांच्या अंगाला कूलंटचा, म्हणजे मशीन गार ठेवायच्या तेलपाण्याचा वास यायचा, गोडसर, तेलकट, नाकात बसणारा. साबणाने जायचा नाही. कॉलेजात असताना मला त्या वासाची लाज वाटायची आणि मी माझे कपडे त्यांच्या कपड्यांसोबत एका दोरीवर वाळत घालू द्यायची नाही. आई म्हणायची, "लई नाक आलंय हिला." खरंच आलं होतं. नाक तेवढं आलं, अक्कल मागे राहिली.

पप्पांच्या खिशाला कायम एक पिवळा मार्कर असायचा. त्यांच्या असेंब्लीवर नियम असा होता की बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या भागावर एक पिवळी रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते, लांबूनसुद्धा कळतं. ज्याने आवळला त्यानेच रेघ मारायची, दुसऱ्याने नाही. पप्पा रेघेच्या टोकाला एक टिंब द्यायचे. ते कंपनीच्या कुठल्याच कागदात नव्हतं, ते त्यांचं स्वतःचं. रेघ म्हणजे आवळलं, टिंब म्हणजे परत एकदा हात लावून बघितलं. आमच्या घरात कुकरच्या दांड्याला, पंख्याच्या बोल्टला, आईच्या शिलाई मशीनला, सगळीकडे पिवळी रेघ आणि टिंब. पाहुणे हसायचे. आईसुद्धा चिडवायची की माझ्या जोडव्यांवर तेवढी खूण मारायची राहिली बघा. पप्पा हसायचे नाहीत. म्हणायचे, "हसा की. पण पंखा डोक्यावर पडला न्हाई ना आजवर?"

डिप्लोमा झाला आणि मला चाकणला एका कंपनीत तपासणीच्या कामाला लावून घेतलं. कंपनीची बस होती, पण त्या बसमध्ये बसून ट्रॅफिकमध्ये कुजायचा मला वीट यायचा. मी पप्पांची जुनी काळी सायकल घेऊन जायला लागले. एकदा देहूच्या पुढच्या चढावर रंगीबेरंगी टी-शर्ट घातलेली आठ-दहा माणसं गिअरच्या जाड टायरवाल्या सायकली ढकलत होती. मी डबा मागे लावलेला, ओढणी कमरेला खोचलेली, त्या काळ्या सायकलवरून त्यांच्या बाजूने वर निघून गेले. त्यांचा म्होरक्या वरती येऊन मला गाठून म्हणाला, "तुम्ही कुठे ट्रेनिंग करता?" मी म्हटलं, "चाकणला, फर्स्ट शिफ्ट." तो प्रद्युम्न सर. हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर, डोंगरात सायकली चालवायचा नाद. त्याने मला ग्रुपमध्ये घेतलं आणि एक जुनी गिअरची सायकल वापरायला दिली. माझं पूर्ण नाव विचारलं, आडनाव ऐकून जरासा थांबला आणि मग नको तितकं गोड हसला. ते हसू मी तेव्हा ओळखलं होतं, पण सायकल सोडवत नव्हती. उतारावर ती सायकल अशी धावायची की पोटात गुदगुल्या व्हायच्या, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या लोकांत बसायचंही होतं.

ग्रुपमध्ये एकच माणूस माणसासारखी होती, ती ऋचा. सांगवीची, हिंजवडीतच नोकरीला. सायकल यथातथा चालवायची, पण पडली की स्वतःच हसायची. आमच्या घरी येऊन आईच्या हातचा ठेचा खाऊन नाक पुसत बसायची. तिच्यामुळेच पप्पांनी ग्रुपच्या सायकली बघायला सुरुवात केली. एकदा तिचा ब्रेक नीट करून दिला, मग दुसऱ्याचा, मग प्रत्येक राइडच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात सगळ्यांच्या सायकली येऊ लागल्या. पप्पा शिफ्टवरून यायचे, चहा घ्यायचे आणि पोतं अंथरून बसायचे. प्रत्येक बोल्ट, रेघ, टिंब. प्रद्युम्न सरला ते इतकं आवडलं की त्याने नियमच केला, पिवळी खूण नसेल ती सायकल निघणार नाही. रेघेचं त्याला कळायचं, टिंबाचं त्याने कधी विचारलं नाही.

तेव्हा पप्पांची कंपनी चाकणला हलायची होती आणि जुन्या माणसांना नारळ देऊन घरी पाठवत होती. पप्पांचं नाव यादीत आलं होतं. पप्पा जेवताना भाकरी मोडून तशीच ठेवायला लागले होते. अशात एका संध्याकाळी प्रद्युम्न सर अंगणात उकिडवा बसून म्हणाला, "काका, मी सायकलींचं दुकान काढतोय. वर्कशॉप तुम्ही सांभाळायचं. तुमची खूण हीच आपली गॅरंटी." दुसऱ्या दिवसापासून पप्पांनी एका फळीवर पान्यांच्या आकाराच्या रेषा काढून खिळे ठोकायला घेतले. कुठला पाना कुठे टांगायचा, सगळं ठरवून ठेवलं. कॉलनीत सगळ्यांना सांगून झालं. आई म्हणाली, माणूस दहा वर्षांनी लहान झाल्यासारखा दिसतोय.

मग ती राइड ठरली. चाकणच्या मागे भामा नदीच्या खोऱ्यातून सुरुवात, टेकड्या ओलांडत भीमा, घोड आणि शेवटी मीना नदीच्या काठी द्राक्षांचा पट्टा, तिथे एका वायनरीत जेवण. भामेपर्यंतचा आणि मधला डांबरी रस्त्याचा कंटाळवाणा भाग टेम्पोतून. प्रद्युम्न सरने कॅमेरावाला बोलावला होता, दुकानाच्या जाहिरातीसाठी. राइड रविवारी. त्या लोकांची सुट्टी रविवारची, आमच्या औद्योगिक पट्ट्याची गुरुवारची, त्यामुळे पप्पांना रविवारी फर्स्ट शिफ्ट होती; मी रजा टाकली होती. शनिवारी दुपारी त्यांनी सगळ्या सायकली पुऱ्या केल्या, फक्त ऋचाची राहिली. तिने नवी घेतली होती आणि ती रविवारी सकाळी खोक्यातून आली, हँडल वेगळं. पप्पा डबा घेऊन दारात उभे. त्यांनी घड्याळ बघितलं, आणि जो मार्कर कधी कुणाच्या हातात दिला नाही तो खिशातून काढून माझ्या हातात दिला.

"चार बोल्ट हायत हँडलला. आडवेतिरपे आवळ, एका बाजूनं न्हाई. आवळून झाल्याबगर खूण मारायची न्हाई. कळलं का?"

"कळलं हो पप्पा. मी पण हेच काम करते."

"म्हणून तर दिला." कोपऱ्यावर त्यांच्या बसचा हॉर्न वाजला आणि ते पळाले.

वरचे दोन बोल्ट मी नीट आवळले. खालचे दोन बोटांनी फिरवून बसवले, पाना लावणार तेवढ्यात रस्त्यावरून प्रद्युम्न सरची हाक आली. "सुजाता, फोटो! सगळे थांबलेत." नवे टी-शर्ट वाटून झाले होते, कॅमेरावाला टेम्पोसमोर लोकांना ओळीने उभं करत होता. मला मधली जागा ठेवली होती. मी बघितलं, मधली जागा. खूण नसली तर सायकल टेम्पोत चढणार नाही, सगळे खोळंबतील, आणि फोटो माझ्याशिवाय होईल. शिफ्ट संपताना लाइनवरची पोरं जे करतात, आणि ज्यावर मी रोज चाकणला लोकांना झापायची, तेच मी केलं. चारही बोल्टांवर रेघा ओढल्या. मनात म्हटलं, पहिल्या थांब्यावर आवळते, दोन मिनिटांचं काम. पाना पाठीवरच्या बॅगेत टाकला आणि पळाले. तो फोटो अजून आहे माझ्याकडे. मधोमध मी, दात काढून. बघवत नाही.

इंद्रायणी ओलांडताना टेम्पोत सगळ्यांनी नाकं दाबली. पाण्यावर फेस होता, पांढरा, कापसाच्या ढिगांसारखा, आणि त्याला कुजक्या साबणाचा वास. कुणीतरी म्हणालं, "शी, लोक राहतात कसे इथे?" इथे म्हणजे आमच्याकडे. मी पण नाक दाबलं होतं. पुढे भामेच्या खोऱ्यात उतरलो तेव्हा मात्र हवा बदलली. करडईची पिवळी रानं, कापलेल्या भाताची खाचरं, आणि टेकडीवर चढणारी लाल पायवाट. पहिला तास मी इतकी सुखात होते की त्यावर आज लिहायची मला लाज वाटते. खाचखळग्यांवरून सायकल उडत होती आणि मागून ऋचाचं हसणं ऐकू येत होतं. तिचं हँडल दोनच बोल्टांवर होतं.

पहिला थांबा एका आंब्याखाली झाला. मी बॅग काढली, पाना घ्यायला चेन उघडली. आईने सकाळी डबा भरला होता, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. लसूण आणि लाल तिखट घालून तव्यावर परतलेली, तेल सुटलेली. डब्याचं झाकण हेलकाव्यांनी निघालं होतं आणि चेन उघडल्याबरोबर वास सुटला. प्रद्युम्न सर शेजारीच चॉकलेटची वडी चघळत बसला होता. त्याने तोंड वाकडं केलं. "ईऽऽ, काय मेलंय इथे?" सगळे इकडेतिकडे बघायला लागले. कुणी झुडपात बघितलं. ऋचा माझ्याकडे वळून म्हणाली, "मला तर छान वास येतोय गं. तू काही आणलंयस का?" मी खाटकन चेन बंद केली. म्हटलं, "छे. मागे काहीतरी मेलं असेल."

आईने पाचला उठून केलेल्या चटणीला मी मेलेलं म्हटलं. पाना त्याच बॅगेत होता. बॅग उघडली तर वास येणार आणि वास आला तर कळणार, म्हणून मी ती उघडलीच नाही. इतकं साधं आहे ते. मला विसर पडला नव्हता, हे इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला विसरले होते असंच सांगत आले. भीमेच्या काठावर दुसरा थांबा झाला तेव्हा मी ऋचाच्या सायकलीपाशी जाऊन बोल्ट बघितले सुद्धा. रेघा सरळ होत्या, तुटल्या नव्हत्या. मी मनाचं समाधान करून घेतलं की टिकेल. नंतर कुणाचं लक्ष नाही असं बघून मी तो डबा बांधावर कुत्र्यापुढे रिकामा केला, आणि तोवर शिट्टी वाजली, सगळे निघाले.

वायनरीचं मी काय सांगू. मीनेच्या वरच्या अंगाला टेकडीवर ओळीने वेली, खाली नदीचा वळसा, दिसायला चित्र. पण आत शिरलो आणि तो वास आला. चिरडलेल्या द्राक्षांचा चोथा मागे ढीग करून टाकलेला, त्यावर चिलटांचा ढग, आंबलेला, गोड, सडका वास. आणि त्या वासावर ही माणसं खूश. काचेचे पेले गरगर फिरवून त्यात नाकं खुपसत होती. एक म्हणतो ओल्या मातीचा गंध आहे, दुसरी म्हणते लाकडाचा, प्रद्युम्न सर डोळे मिटून म्हणतो, "जरासा चामड्याचाही येतोय बघा." ओल्या मातीचा, लाकडाचा, चामड्याचा वास घ्यायला यांना पेला लागतो, आणि बोंबील म्हणजे मेलेलं. एकाने तर घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकला आणि बाकीचे त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिले. आमच्याकडे तंबाखू थुंकणाऱ्याला हाकलतात. मला किळस आली, आणि त्या किळसेत मी स्वतःला त्यांच्यापेक्षा वरचढ समजत बसले. पाना बॅगेत, बॅग खुर्चीला अडकवलेली, डबा रिकामा, वास गेलेला. तेव्हा तर काहीच आड येत नव्हतं. मी उठले नाही. मलाही पेला दिला होता आणि मी तो फिरवत बसले होते.

शेवटचा उतार वेलींच्या बाजूने नदीकडे जाणारी बैलगाडीची वाट होता. दगड, मध्ये चाकोऱ्या. मी पुढे होते. मागे पत्रा आपटावा तसा एक आवाज आला आणि मग काहीच नाही. ऋचा पडली की हसायची, ते हसू आलं नाही. मी वळून वर पळत गेले. तिने ब्रेक दाबला होता आणि हँडल पुढच्या बाजूला गरकन फिरलं होतं. ती तोंडावर आपटली होती. पुढचे दोन दात पडलेले, हनुवटी फाटलेली, मनगट नको त्या बाजूला वळलेलं. तिच्या तोंडात रक्त आणि माती, आणि अंगावर त्या चोथ्याचा वास, कारण शेतात खत म्हणून तोच टाकला होता. टेम्पोत माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं. ती बोलायचा प्रयत्न करत होती. म्हणत होती, "माझं ब्रेकवर बोट जास्त पडलं बहुतेक." मी "हो" म्हणाले.

आईपप्पांना मी एवढंच सांगितलं की ऋचा पडली. गुरुवारी पप्पांची सुट्टी. मोसंबी घेऊन आम्ही दोघं सांगवीला तिच्या घरी गेलो. प्रद्युम्न सर आधीच तिथे होता. त्याने पप्पांना वर जाऊच दिलं नाही, पार्किंगमध्ये थांबवलं, तिथे ऋचाची सायकल भिंतीला लावलेली. ऋचाचे वडील, वॉचमन, बिल्डिंगमधली दोन माणसं. "काका," प्रद्युम्न सर म्हणाला, "हँडल सैल होतं. खूण तुमची आहे. आता सांगा."

पप्पा उकिडवे बसले. चष्मा लावला. वरच्या दोन बोल्टांवरच्या रेघा सरळ होत्या, खालच्या दोन तुटलेल्या. त्यांनी चारही रेघांवरून अंगठा फिरवला. चारींच्या टोकाला टिंब नव्हतं. मी बघत होते आणि त्यांनीही बघितलं. त्यांनी एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते बोल्ट बघतात तसं बघितलं, कुठून हललाय ते शोधत. मी मोसंबीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि ऋचाच्या वडिलांकडे वळून हात जोडले.

"खूण माझी हाय साहेब. चूक माझीच."

रोज सकाळी खोटं बोलणार नाही म्हणून चौथं शील घेणारा माणूस. त्याला मी खोटं बोलताना ते एकदाच ऐकलं, आणि ते माझ्यासाठी. प्रद्युम्न सर म्हणाला, "असं कसं काका, आम्ही तुमच्या भरवशावर होतो." मग आवाज उतरवून, "दुकानाचं आपण नंतर बघू." त्या नंतरचं पुढे काहीच झालं नाही, ते पप्पांनाही तिथेच कळलं. मोसंबीची पिशवी वॉचमनपाशी ठेवून आम्ही निघालो.

पुलावर, नदीच्या घाण वासात, मी तोंड उघडलं. "पप्पा, मी जाऊन सांगते."

"आता काय सांगायलीस? मी चार माणसात बोललोय. आता तू सांगितलंस की मी खोटा पडलो." थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "माझी सर्व्हिस झाली. तुझी व्हायचीय." आणि बस आली, आम्ही बसलो, त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

घरी आल्यावर त्यांनी पान्यांची ती फळी भिंतीवरून काढून पलंगाखाली सरकवली. आईने विचारलं तर म्हणाले, दुकानाचं नंतर बघू म्हणालेत. कंपनीने घरी बसवल्यावर ते हिंजवडीला एका गेटवर सिक्युरिटीत लागले. निळा गणवेश, दांडका, गाडी आली की आडवा बार वर करायचा. आणि मी, माझं ऐका, मी पुढच्याच महिन्यात त्या ग्रुपसोबत पुन्हा गेले. प्रद्युम्न सर म्हणाला होता, "तुझ्यावर आमचा काही राग नाही हं, वडिलांची चूक तुझ्यावर कशाला." मी थँक्यू म्हणाले. एकदा त्याच्या गाडीत बसून हिंजवडीला जाताना तो बार पप्पांनी आमच्यासाठी वर केला. प्रद्युम्न सर फोनवर बोलत होता, त्याने बघितलंही नाही. पप्पांनी सलाम केला, ड्यूटीचा. मी काच खाली घेतली नाही. त्या दिवसानंतर मी ग्रुप सोडला, असं लिहायला किती छान वाटलं असतं. मी आणखी दोन राइड केल्या.

ऋचाने परत सायकल चालवली नाही. नवे दात बसवले, ते जरा जास्तच पांढरे होते, हसताना ती हात आडवा धरायला लागली. मी तिला टाळायला लागले आणि तिला वाटलं, पप्पांच्या शरमेने टाळते आहे, म्हणून तीच माझी समजूत घालणारी पत्रं पाठवायची, काकांना सांग माझ्या मनात काही नाही. ती मी पप्पांना दाखवली नाहीत. आता पप्पा नाहीत, म्हणजे आता मी बोलले तरी ते खोटे पडणार नाहीत, किंवा पडले तरी त्यांना ऐकू येणार नाही. ऋचा, तू हे वाचशील की नाही मला माहीत नाही. खालचे दोन बोल्ट मी आवळले नव्हते. पाना माझ्या पाठीवर होता. आणि तो वास बोंबलाच्या चटणीचा होता, तू म्हणालीस तसा छानच होता.

पप्पांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही, का केलंस. माझी सायकल मात्र ते शेवटपर्यंत बघायचे. दर गुरुवारी पोतं अंथरून बसायचे, एकेक बोल्ट आवळायचे, परत हात लावून बघायचे. फक्त खूण मारायची त्यांनी सोडून दिली होती. कुकरवर नाही, पंख्यावर नाही, कशावरच नाही. माझ्या सायकलीचं झालं की खिशातला मार्कर काढून माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "आवळलंय सगळं. खूण तू मार, तुला येती." आवाजात टोमणा नसायचा. मी मार्कर घ्यायची, बोल्टावर रेघ ओढायची आणि टोकाला टिंबसुद्धा द्यायची. रेघ दरवेळी सरळ यायची, हात जरासुद्धा हलायचा नाही. त्या न हलणाऱ्या हाताची मला आजही किळस येते.